रविवारचा पेपर घेऊ नकोस

४ जून, बुधवार

धाकट्या,

आशीर्वाद पाठवतेय. घ्यायचे की परत करायचे ते तुझं तू बघ. फोन केला तर तू उचलणार नाहीस, मेसेज वाचून गप्प बसशील, म्हणून शेवटी कागद घेतला. अक्षर ओळखशीलच. लहानपणी तुझा निम्मा गृहपाठ याच अक्षरात झालाय.

इतक्या वर्षांनी लिहितेय ते एका कामासाठी. येत्या रविवारचा पेपर घेऊ नकोस.

पेपरवाल्याला सांग की बाहेरगावी चाललोय. नाहीतर घे आणि घडीही न मोडता रद्दीत टाक. आणि कारण विचारू नकोस. तू विचारणार नाहीसच म्हणा, माझ्याशी बोलायचं नाही असं तुझं ठरलंय. पण मनातल्या मनात विचारशील आणि भलतंच काहीतरी उत्तर शोधून काढशील, त्यापेक्षा थोडं मीच सांगते.

आमच्या कॉलेजने फी कमी केली. थोडीथोडकी नाही, अर्धी. आता हस. मनसोक्त हसून घे, मी थांबते. आमच्या कॉलेजला तू दुकान म्हणायचास ना? तर दुकानात सेल लागलाय.

मुलंच येत नाहीत रे. गेल्या वर्षी दोन तुकड्यांची एक केली. वसतिगृहाच्या वरच्या मजल्याला कुलूप लावलंय, तिथल्या गाद्या गुंडाळून दोरीने बांधून ठेवल्यात. रसायनाच्या प्रयोगशाळेत पूर्वी एका टेबलाशी चौघं चौघं उभी राहून एकमेकांच्या कोपराचे धक्के खायची, आता एकेक मुलगा एकेक टेबल अडवून जांभया देतो. कॅन्टीनवाला दुपारीच शटर ओढतो. मी विचारलं तर मलाच म्हणाला, "मॅडम, चहा करू कोणासाठी? तुम्ही एकट्या, त्यातून तुम्ही बिनसाखरेचा पिता."

आमचा सल्लागार सांगतो की अठरा वर्षांपूर्वी मुलंच कमी जन्माला आली. पडद्यावर उतरता आलेख दाखवतो आणि सगळे माझ्याकडे बघतात. प्रवेश विभागाची प्रमुख मी, म्हणजे जणू मीच मुलं कुठेतरी लपवून ठेवलीत. मला स्वतःला एकही नाही, हे या बैठकीत सांगायची सोय नाही. तीन तास बैठक चालली. अध्यक्षांचा मूळ धंदा फर्निचरचा आहे हे तुला माहीतच आहे. ते शेवटी टेबलावर थाप मारून म्हणाले, "किंमत पाडा आणि मोठ्या अक्षरात छापा."

जाहिरातीचा मजकूर मी लिहिला. त्यात अध्यक्षांनी एक वाक्य घातलं. मी ते काढलं. त्यांनी परत घातलं, मी परत काढलं, आणि छपाईला जाताना ते आत होतं. त्या वाक्यावर तुझी नजर पडू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. जास्त सांगत नाही. एवढं तरी माझं ऐक.

ताई

ता. क. सोमवारचा पेपर घेतलास तरी चालेल.

१० जून, मंगळवार

धाकट्या,

तू पेपर घेतच नाहीस! हे मला काल तुझ्या पोरीकडून कळलं. वर्षानुवर्षं तुमच्या घरी पेपर येत नाही, बातम्या तू फोनवर बघतोस. आणि माझं पत्र मिळाल्यावर रविवारी सकाळी मुद्दाम चौकात जाऊन घेऊन आलास. एक नाही, दोन. कुठल्या पेपरमध्ये आहे ते मी लिहिलं नव्हतं म्हणून दोन. तेव्हापासून कपाळाला हात लावून बसलेय. लिहिलंच नसतं तर तुला पत्ताही लागला नसता.

पोरीला रागावू नकोस. तीच मला फोन करते असं नाही, मीही करते. भाची आहे माझी. भांडण तुझं नि माझं आहे, तिने कोणाशी अबोला धरलेला नाही.

ती म्हणाली, "आत्या, बाबांनी सगळी जाहिरात वाचली. मग स्टुलावर चढून भिंतीवरचा तो फोटो उतरवला आणि पिशवीत घालून कुठेतरी घेऊन गेले." कुठे गेला होतास? मी विचारलं, तर तिला माहीत नव्हतं.

वाचलंच आहेस तर आता लपवण्यात अर्थ नाही. ते वाक्य मला पाठ झालंय, दर दहा मिनिटांनी कोणीतरी फोनवर मला ते वाचून दाखवतं. "तसेही आजवर आमच्या एकाही विद्यार्थ्याने पूर्ण फी भरलेली नाही, प्रत्येकालाच गुणवंत शिष्यवृत्ती मिळत आली आहे. आता तीच सवलत थेट फीमध्ये!" ते उद्गारचिन्ह अध्यक्षांचं. त्यांना वाटलं, लोक त्यांचं मन किती मोठं आहे ते बघतील.

हो. प्रत्येकालाच. नीट सांगते, म्हणजे पुन्हा विचारायला नको. फी भरमसाट छापायची, कारण फी जास्त असली की कॉलेज चांगलं वाटतं. मग जो येईल त्याला गुणवंत म्हणायचं आणि निम्मी माफ करायची, म्हणजे आईबापांना आपलं मूल हुशार वाटतं. अध्यक्ष सोफे असेच विकायचे. लोक खूश, कॉलेज खूश. मग मुलंच कमी झाली आणि छापलेला आकडा बघून लोक फाटकातून आत येईनासे झाले, तेव्हा नव्या सल्लागाराने सांगितलं की सूट बंद करा आणि खरी फी छापा. त्याचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. चूक त्या वाक्याची आहे.

आता इथली परिस्थिती ऐक. रविवारी पहिला फोन आला तेव्हा मला वाटलं, अभिनंदनाचा असेल. दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाची आई होती.

"माझ्या मुलाची शिष्यवृत्ती का काढली? काय केलं त्याने?"

"काही नाही केलं हो. फीच कमी झाली."

"म्हणजे आमचे किती वाचले?"

"वाचले म्हणजे... आता तुम्ही भरता तेवढेच भरायचे."

"मग कमी काय झालं?"

कमी झाली ती फक्त तिच्या मुलाची हुशारी. असे किती फोन आले त्याची मोजदाद सोडून दिली. फी अर्धी केली म्हणून शिव्या खाणारी जगातली पहिली बाई मी असेन. एक जुना विद्यार्थी तर स्वतः आला. आता मोठा साहेब झालाय, गाडीला चालक आहे. त्याने आपला गुणवंत शिष्यवृत्तीचा बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेला. मी चहा मागवला होता, तो तसाच निवला.

तो बिल्ला आठवतो ना तुला? पितळी, मध्ये पुस्तक आणि मशाल. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर मुलाच्या कॉलरला लावायचा, लावणारी मी, आणि फोटोवाला फोटो काढणार. मागची पिन इतकी वाईट की दर वर्षी माझ्या बोटांची चाळण व्हायची. पेटी अजून माझ्या कपाटात आहे.

तुझ्या पोरीला बिल्ला लावला तेव्हा तू सभागृहात अगदी मागे, दाराला टेकून उभा होतास. मी बघितलं होतं. त्याच्या महिनाभर आधी आपलं भांडण झालं होतं. मी जेवताना तुझ्या सासरच्या माणसांसमोर म्हटलं की पोरीची फी मी भरते, आणि तू ताटावरून उठलास. "माझ्या मुलीची फी भरायला मी अजून जिवंत आहे," असं म्हणालास. मी प्रेमाने म्हटलं होतं, तुला ते भीक घातल्यासारखं वाटलं. असो, ते उकरून काढायला बसले नाही.

बिल्ला लावला त्या दुपारी तू फाटकाबाहेरून फोन केलास. "बघितलंस? तुझ्या पैशाला हात लावला नाही. तिला स्वतःच्या डोक्यावर शिष्यवृत्ती मिळाली." एवढा खूश आवाज मी तुझा आयुष्यात ऐकला नव्हता. माझ्यासमोर अजून अर्धी पेटी बिल्ले पडले होते, बाहेर मुलांची रांग होती, आणि मी म्हटलं, "हो रे." दुसरं काय म्हणणार होते? तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. नाही, खोटं कशाला लिहू, विचारलं असतंस तरी सांगितलं नसतं.

तो फोटो तू दिवाणखान्यात लावलास हे मला कळलं होतं. पाहुण्यांना दाखवत असशील. आता मात्र सगळ्यांनी जाहिरात वाचली असेल. काल पोरीला मी विचारलं, "तुला तर माहीत होतं ना गं, वर्गात सगळ्यांनाच बिल्ला होता. बाबांना कधी बोललीस?" तर म्हणाली, "आत्या, ते तू मला विचारू नकोस." तीही तुझ्यावरच गेलीय, तोंड उघडेल तर शपथ.

लिही काहीतरी. शिव्या लिही, पण लिही.

ताई

२१ जून, शनिवार

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मीही आता कोणाला सांगायचं म्हणून तुलाच सांगतेय. नाहीतर आमच्या इमारतीतल्या शेजारणीला सांगावं लागेल, आणि ती सगळ्यावर एकच उपाय सांगते, रोज चालायला जात जा.

मला प्रवेश विभागातून काढलं. आता मी परीक्षा विभागात, म्हणजे जिन्याखालच्या खोलीत. चहूबाजूंनी जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, एक खिडकी, तीही सायकलींच्या स्टँडकडे उघडणारी. लिफ्ट बंद आहे म्हणून सगळं कॉलेज माझ्या डोक्यावरून धाडधाड चढतं. लिफ्टच्या देखभालीचा करार परवडत नाही म्हणे. तुला बोलावलं असतं बघायला, तुझा तर धंदाच तो. पण तू आला नसतास.

का काढलं ते ऐक. मागच्या आठवड्यात एक माणूस मुलीला घेऊन आला. रंगारी असावा, कोपरापर्यंत पांढरे शिंतोडे होते आणि ते पुसायचा प्रयत्न करून आणखी पसरले होते. मुलगी खाली फरशीकडे बघत उभी. तो म्हणाला, "मॅडम, हिला काय मिळेल?"

मी म्हटलं, "मिळेल म्हणजे?"

"म्हणजे काही माफ वगैरे. हिचे मार्क चांगले आहेत."

पूर्वीची मी असते तर उठून हसले असते, पेटी काढली असती, बिल्ला दाखवला असता. पण आता नियम नवा होता, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. आयुष्यात प्रथमच या खुर्चीत बसून काहीही न लपवता बोलायची सोय झाली होती. मी सांगितलं, "माफ काही नाही. फी एवढीच आहे, सगळ्यांना सारखी. छापलीय तीच."

"पलीकडच्या कॉलेजात हिला निम्मी माफ केलीय."

"निम्मी माफ करून किती भरायचीय?"

त्याने सांगितलं. मी कागदावर दोन्ही आकडे लिहून त्याच्यासमोर सरकवले. "अहो, हे आमच्यापेक्षा जास्त आहे! तुम्ही तिकडे जास्त भरणार आहात."

त्याने कागदाकडे नीट बघितलं. तो काही हिशेबात कच्चा नव्हता. "असेल," तो म्हणाला. "पण त्यांनी हिचे मार्क बघितले. मोठ्याने वाचले, दोन बायांना बोलावून दाखवले. तुम्ही बघितलेसुद्धा नाहीत."

धाकट्या, मी खरंच बघितले नव्हते. तो मगापासून पिशवीतून प्लास्टिकची फाइल अर्धी बाहेर काढून उभा होता आणि मी फीचं बोलत होते. मी हात पुढे केला, म्हटलं, दाखवा ना. तेवढ्यात मुलगी दाराशी पोचली होती आणि तो "राहू द्या मॅडम" म्हणून तिच्यामागे गेला. तो इतका नम्रपणे म्हणाला की मला त्याच्याशी भांडताही आलं नाही.

सबंध दुपार माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. राग नक्की कोणाचा आलाय हेच कळेना. पलीकडच्या कॉलेजचा, जे आमचीच जुनी युक्ती वापरून त्या माणसाला जास्त पैशाला गंडवतंय? अध्यक्षांचा? त्या माणसाचा, समोर आकडे लिहून दिले तरी त्याने महाग ते घेतलं म्हणून? सगळ्यांचा आला. आणि सारखा तू दिसत होतास, दाराला टेकून उभा असलेला.

सोमवारी अध्यक्षांनी बैठक घेतली. फी अर्धी करून नवीन मुलं आली नाहीतच, उलट होती ती दुखावली. म्हणून आता काय ठरलं असेल? फी पुन्हा वाढवायची आणि शिष्यवृत्ती पुन्हा द्यायची! दोन आठवड्यांत सेल लावला आणि सेल उठवला. सल्लागाराने लगेच त्याचाही आलेख आणला होता, या वेळी चढता. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, बिल्ल्यांची पेटी आहे ना अजून? घासूनपुसून ठेवा. आणि या वर्षी बँडही लावू."

मी म्हटलं, "ज्यांनी खरंच मिळवली त्यांना द्या. मी लावते."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना शिकवा. त्यासाठीच येतात ना?"

अध्यक्ष समजूत काढल्यासारखं हसले. "मॅडम, बिल्ल्याशिवाय येतच नाहीत हो ते, शिकवायचं कोणाला?" आणि वाईट म्हणजे त्यांचंही खोटं नव्हतं. तो रंगारी माझ्या डोळ्यांसमोरून गेला होता. तरी मी हट्टाला पेटले. म्हटलं, सगळ्यांना लावायचे असतील तर तुम्ही लावा, माझी बोटं दुखतात. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली.

मला निवृत्तीला फार दिवस राहिले नाहीत, त्यामुळे शूरपणा वगैरे समजू नकोस. पण संताप होतो रे. आयुष्यभर मी मुलांना कॉलेजात आणलं आणि आता कळत नाही की मी त्यांना काय सांगून आणलं.

हे सगळं लिहिलं ते एका गोष्टीसाठी, आणि ती इतका वेळ लिहायची टाळतेय. तुला वाटत असेल की बिल्ला सगळ्यांना होता म्हणजे तुझी पोरगी साधारणच. तसं वाटून घेऊ नकोस. दुसऱ्या वर्षी त्यांना पाणी तपासायचा एक प्रयोग होता. ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून शुद्ध केलेल्या, पाण्याचं उत्तर काय यायला हवं ते पुस्तकात छापलेलं असतं, आणि सगळ्या वर्गाने छापलेलं लिहिलं. तुझ्या पोरीचं उत्तर जुळेना. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. मास्तर ओरडले. तिने तिसऱ्यांदा केलं आणि आपलंच, न जुळणारं, उत्तर वहीत लिहून दिलं. मास्तर तक्रार घेऊन माझ्याकडे आले, "तुमची भाची हट्टी आहे." मग कोणीतरी पाणी शुद्ध करायचं यंत्र उघडून बघितलं, तर आत महिनोन् महिने गंज साचला होता. सगळं कॉलेज इतके दिवस घाण पाणी शुद्ध म्हणून वापरत होतं.

हे मी तेव्हा तुला फोन करून सांगायला हवं होतं, पण आपण बोलत नव्हतो. आज ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत बसून अख्ख्या शहराचं पाणी तपासते, ती काय पितळेच्या बिल्ल्यामुळे? ती हुशार आहे, धाकट्या. प्रवेश विभागाची प्रमुख म्हणून नाही सांगत, आता मी ती नाहीच. तिची आत्या म्हणून सांगतेय, आणि तिच्या बापाला सांगतेय.

तो फोटो फेकला नसशील तर परत लाव. भिंतीवर डाग दिसत असेल.

ताई

३ जुलै, गुरुवार

ठोंब्या,

लहानपणी या नावाने हाक मारली की तू चावायला यायचास. घरात हुशार मी आणि ठोंब्या तू, असं सगळ्यांनी वाटणी करून टाकली होती. आज दुपारी तुझं पार्सल आलं आणि कळलं की वाटणी उलटी झाली होती.

जिन्याखालच्या खोलीत उघडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, आणि वर्तमानपत्र कुठलं? तोच रविवारचा अंक, जाहिरात नेमकी वरच्या बाजूला. हे तू मुद्दाम केलंस. शिपाई उभा होता, त्याला वाटलं काहीतरी वाईट बातमी आली, कारण मी आधी हसले आणि मग डोळ्यांना पदर लावला. त्याने बिचाऱ्याने पाणी आणून दिलं.

तुझी चिठ्ठी इतक्या वेळा वाचली की आता न बघता लिहू शकते. तरी लिहून काढते, म्हणजे उद्या तू "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणायला मोकळा राहणार नाहीस.

"ताई, फोटो उतरवला तो दुसरी प्रत काढायला. तुझं पत्र आलं म्हणजे तू बोलायला लागलीस असं धरलं, म्हणून तुलाही एक द्यावा म्हटलं. दुकानदाराने तीन आठवडे लावले. बिल्ल्याचं मला पहिल्याच दिवशी संध्याकाळी कळलं. पोरगी घरी येऊन म्हणाली, बाबा, वर्गात सगळ्यांनाच आहे. पण दुपारी तुला फोनवर एवढं बोलून बसलो होतो. मग परत कुठल्या तोंडाने फोन करू? बिल्ला कुठे पडलाय मला ठाऊक नाही. फोटो लावला कारण त्यात तू रडतेयस. माझ्या पोरीसाठी."

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून! आणि मी इकडे वर्षानुवर्षं जीव मुठीत धरून, तुला कळू नये म्हणून पोरीलाही न विचारता, दर वर्षी बिल्ले लावताना तुझा तो खूश आवाज आठवत बसले. तू लाजून गप्प आणि मी तुझं मन मोडेल म्हणून गप्प. पोरगी दोघांच्या मध्ये, तिला दोन्हीकडचं माहीत, आणि ती म्हणते, विचारू नकोस! तिला मी भेटल्यावर बघून घेते. खरंच मला इतका राग आलाय, अक्षर बघ कसं आलंय. एवढी वर्षं, ठोंब्या. सख्ख्या बापाचं, अण्णांचं, आजारपण आपण वेगवेगळ्या वेळा ठरवून काढलं, तू सकाळी आणि मी संध्याकाळी, दवाखान्याच्या जिन्यात गाठ पडू नये म्हणून. कशासाठी? एका फोनसाठी, जो तू केला नाहीस आणि मीही केला नाही.

मी येतेय. या रविवारी. रविवार मला आता मोकळाच असतो, प्रवेशाचं कोणी विचारत नाही. तुझ्या बायकोला सांग, काही विशेष करू नको, आणि जेवताना मी कोणाच्याही फीविषयी बोलणार नाही. पुढच्या आठवड्यात वेळ काढून आमची लिफ्ट बघून जा. पैसे कॉलेज देईल, मी देणार नाही, म्हणजे भांडायला नको.

फोटो समोर ठेवून लिहितेय. पोरीची मान ताठ, केस घट्ट बांधलेले, आणि मी तिच्या कॉलरशी वाकलेली. माझं तोंड वाकडं झालंय, डोळ्यांत पाणी आहे, ते स्पष्ट दिसतंय. तू बरोबर बघितलंस.

आता खरं सांगू? तेव्हा ती पिन माझ्या अंगठ्यात पार आतपर्यंत घुसली होती. हे तुला कळवावं की नाही, यावर मी दुपारपासून विचार करत बसलेय. एकदा लिहिलं आणि खोडलं. म्हटलं, राहू दे, इतकी वर्षं तुझ्या भिंतीवर मी पोरीसाठी रडत होते, आता पिनेसाठी कशाला रडू. मग वाटलं, नाही, पुन्हा असली लपवाछपवी नको. म्हणून लिहितेय. पिन टोचली होती.

पण त्या दिवशी तिच्याआधी मी कितीतरी मुलांना बिल्ले लावले होते, आणि तिच्यानंतरही लावले. पिन सगळ्यांचीच टोचली. बाकीच्या कुठल्याच फोटोत मी रडत नाहीये. आज कपाटातून काढून सगळे बघितले.

तुझी ताई